घरातले तंत्र : हिरवा दिवा खरे बोलतो का?



या सदरात आपण आजवर इस्त्री, मिक्सर, पंखा, पाण्याची मोटर अशा आपल्याच घरातल्या वस्तूंविषयी बोलत आलो. आजचा विषय जरा लांबचा आहे. पार कॅनडातला आहे. "आमच्या दीड खोलीच्या घराला त्याचे काय?" असे कुणी म्हणेल. पण शेवटपर्यंत वाचा. यंत्र तिकडचे असले तरी त्यातून मिळणारा धडा आपल्या घरातल्या फ्रीजलाही लागू आहे.

कल्याणकडचे आपले एक जुने वाचक आहेत. रेल्वेच्या वर्कशॉपात वायरमन म्हणून त्यांची सारी नोकरी गेली. ओव्हरटाइम केला, पतसंस्थेचे कर्ज काढले आणि लेकीला नर्सिंग शिकवले. ती लेक आज नवऱ्यासह कॅनडात, टोरांटोजवळ राहते. तिला मूल झाले तेव्हा आईवडील सहा महिन्यांसाठी तिकडे गेले. तिथे भर जानेवारीत एका रात्री घर तापवायचे यंत्र बिघडले. त्या रात्री काय घडले ते काकांनी मला सविस्तर कळवले. पत्राच्या शेवटी लिहिले, "हे छापा. आपली पुष्कळ मुले आता बाहेर जातात, आणि पुष्कळ मुले आयटीआयला एअर कंडिशनिंग शिकतात. त्यांच्या उपयोगी पडेल." म्हणून हा लेख.

घर तापते कसे?

आपल्याकडे थंडी पडली की आपण गोधडी घेतो, फार तर शेकोटी करतो. टोरांटोच्या बाजूला जानेवारीत पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश सहज जातो. तिथे घर तापवणे ही चैन नाही. घर थंड पडले तर नळातले पाणी गोठते, पाइप फुटतात, आणि तान्ह्या मुलांच्या व म्हाताऱ्यांच्या जिवावर बेतते.

तिथल्या बहुतेक घरांच्या तळघरात गॅसवर चालणारी एक भट्टी असते. तिला फर्नेस म्हणतात. ती हवा तापवते. ब्लोअर, म्हणजे मोठा पंखा, ती गरम हवा पत्र्याच्या चौकोनी नळांतून घरभर ढकलतो. या नळांना डक्ट म्हणतात. खोल्याखोल्यांत जमिनीला किंवा भिंतीला जाळ्या असतात, त्यांतून गरम हवा बाहेर येते. उन्हाळ्यात याच डक्टमधून थंड हवा जाते. म्हणजे नळ एकच, हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार.

पण घर दुमजली असले की अडचण येते. गरम हवा वर चढते, खिडक्या कमीजास्त असतात, एक मजला तापतो आणि दुसरा गारठतो. म्हणून काही घरांत विभाग पाडतात. त्यांना झोन म्हणतात. प्रत्येक झोनला स्वतःचा थर्मोस्टॅट असतो. थर्मोस्टॅट म्हणजे भिंतीवरची ती छोटी डबी, जिच्यावर आपण किती अंश हवे ते ठरवतो. प्रत्येक झोनच्या डक्टमध्ये एक झडप असते, तिला डँपर म्हणतात. ही झडप छोट्या मोटरने फिरते. उघडली की हवा जाते, मिटली की अडते. आणि या सगळ्यांचा मुकादम म्हणजे तळघरातल्या भिंतीवरचे पॅनल. थर्मोस्टॅट त्याच्याकडे मागणी करतो आणि पॅनल झडपांना व भट्टीला हुकूम देते. हा सारा निरोपांचा व्यवहार २४ व्होल्टवर चालतो.

शाळेचा शिपाई

ही कल्पना कुठून आली ते ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन नावाचे शिक्षक होते. त्या काळी शाळेचा शिपाई वर्गावर्गात येऊन थर्मामीटर पाही आणि मग तळघरात जाऊन झडपा कमीजास्त करी. दिवसभर त्याच्या या खेपा चालत आणि वर्गही मोडत. जॉन्सन यांनी विजेवर चालणारे असे साधन केले की वर्गाला ऊब हवी असली की तसा निरोप घंटीने थेट तळघरात पोचे. त्याचे पेटंट त्यांना १८८३ साली मिळाले. आजच्या पॅनलवर जो दिवा लागतो तो त्या घंटीचाच वारस समजा.

आणि तो दिवा? तो एलईडी. डोळ्यांना दिसेल असा लाल प्रकाश देणारा एलईडी १९६२ साली निक होलोन्याक यांनी अमेरिकेतच बनवला. त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत मजूर होते. त्या घरातून शाळेत गेलेले निक हे पहिलेच. तरुणपणी त्यांनी रेल्वेवरही अंगमेहनतीचे काम केले होते. आज जगातल्या प्रत्येक यंत्रावर लुकलुकणारा दिवा खाणमजुराच्या मुलाच्या बुद्धीतून निघाला आहे, हे आपल्या मुलांना जरूर सांगा.

त्या रात्री काय झाले?

शनिवारची संध्याकाळ. बाहेर उणे अठरा. जावई गोदामात रात्रपाळीला गेलेले. खालच्या मजल्यावर वीस अंश, सगळे ठीक. पण बाळ जिथे झोपते त्या वरच्या मजल्यावर थर्मोस्टॅट एकवीसवर लावलेला असूनही आकडा घसरत सोळावर आला.

लेकीने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. फोनवरच्या माणसाने भट्टीचे वय विचारले आणि न पाहताच सांगितले, "जुनी झाली, बदलावी लागेल. माणूस आज हवा असेल तर सुट्टीचा दर पडेल." नवी भट्टी म्हणजे काही हजार डॉलर. बाळंतपणाची रजा, त्यामुळे पगार अर्धामुर्धा, घराचा हप्ता डोक्यावर. लेक रडकुंडीला आली.

काका म्हणाले, "बॅटरी दे गं जरा. खाली जाऊन बघतो."

"बाबा, तुम्ही हात लावू नका. इथलं सगळं वेगळं असतं. गॅस आहे तो."

"हात लावत नाही. नुसता डोळा लावतो."

हे वाक्य मला फार आवडले. दुरुस्तीतले निम्मे काम डोळ्याचे असते, आणि डोळा लावायला परवाना लागत नाही.

काका तळघरात गेले. भिंतीवरच्या पॅनलवर चार दिवे लागलेले होते. वीज आहे हे सांगणारा दिवा चालू. गरम हवेची मागणी सांगणारा दिवा चालू. एक नंबरच्या झोनचा, म्हणजे खालच्या मजल्याचा दिवा लाल. दोन नंबरच्या झोनचा, म्हणजे वरच्या मजल्याचा दिवा हिरवा. पॅनलच्या झाकणाच्या आत तक्ता चिकटवलेला होता. लेकीने वाचून दाखवला : हिरवा म्हणजे झडप उघडी, लाल म्हणजे झडप मिटलेली.

"म्हणजे सगळं बरोबर आहे की," लेक म्हणाली. "वरचा मजला ऊब मागतोय, वरची झडप उघडी आहे. मग भट्टीच बिघडली असणार. तो माणूस खरंच सांगत होता."

काकांनी उत्तर दिले नाही. ते भट्टीसमोर स्टूल घेऊन बसले आणि घड्याळ लावून पाहत राहिले.

भट्टी सुरू झाली. आधी धूर बाहेर काढणाऱ्या छोट्या पंख्याचा आवाज आला, मग ज्योत पेटली, थोड्या वेळाने मोठा पंखा फिरू लागला. हा क्रम ठीकच होता. पण काही मिनिटांतच ज्योत विझली, पंखा मात्र फिरतच राहिला. भट्टीच्या दारात गोल काचेचे एक छोटे भोक होते. त्यातून आत एक बारीक दिवा दिसत होता. तो आता लुकलुकू लागला. चार वेळा लुकलुक, मग थांबा. पुन्हा चार वेळा, पुन्हा थांबा.

काकांनी मोजले, एकदा नव्हे, तीनदा. मग लेकीला भट्टीवरच्या पाटीचा मॉडेल नंबर वाचून दाखवला आणि मोबाइलवर त्याचे माहितीपुस्तक शोधायला सांगितले. पुस्तकात त्या मॉडेलसाठी लिहिले होते : चार लुकलुक म्हणजे मर्यादा स्विच उघडला, भट्टी प्रमाणाबाहेर तापली.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. चार लुकलुक म्हणजे तापली, हा अर्थ त्या यंत्रापुरता. दुसऱ्या कंपनीच्या भट्टीत चारचा अर्थ निराळा असू शकतो. म्हणून खुणांचा तक्ता नेहमी त्याच यंत्राचा पाहावा, शेजाऱ्याच्या यंत्राचा नव्हे.

दोन दिवे, दोन साक्षी

आता काकांच्या पुढे दोन साक्षीदार होते. पॅनल म्हणत होते, "वरची वाट मोकळी आहे." भट्टी म्हणत होती, "माझी गरम हवा बाहेर जात नाही, मी गुदमरते आहे."

दोघेही एकाच वेळी खरे कसे असतील?

भट्टी कधी जास्त तापते? तिच्यावरून पुरेशी हवा वाहिली नाही तर. हवा कशाने अडते? तीन ठिकाणी पाहावे लागते. आत येताना फिल्टर धुळीने बुजलेला असेल. पंखा नीट फिरत नसेल. किंवा बाहेर जाताना डक्ट नाहीतर झडप बंद असेल.

फिल्टर महिन्यापूर्वीच बदललेला, स्वच्छ होता. पंखा जोरात फिरत होता, आवाज खणखणीत. राहिली बाहेरची वाट.

काका वर गेले. खोलीतल्या जाळीवर तळवा धरला. हवा जेमतेम, झोपलेल्या माणसाच्या श्वासाइतकी. पुन्हा तळघरात आले. वर जाणारा पत्र्याचा डक्ट तिथे उघडाच दिसत होता, त्यावर हात ठेवला. झडपेच्या अलीकडे पत्रा गरम. झडपेच्या पलीकडे पत्रा गार.

बंधूंनो, हिरवा दिवा काहीही म्हणो, तळहात खोटे बोलत नाही.

काकांनी बॅटरी झडपेच्या मोटरवर धरली. मोटरवरचा बाण उघडे दाखवत होता. पण मोटरच्या मधून झडपेच्या दांड्याचे टोक बाहेर आले होते आणि त्या टोकावर एक खाच होती. झडपेचे पान ज्या दिशेला, त्याच दिशेला ही खाच असते. खाच डक्टला आडवी होती. म्हणजे मोटर फिरली होती, पण दांडा जागचा हलला नव्हता. मोटर दांड्याला आवळून धरणारा स्क्रू सैल झाला असणार, हे वायरमनच्या तेव्हाच ध्यानात आले.

हुकूम वेगळा, काम वेगळे

मग दिवा हिरवा कसा? कारण तो दिवा झडपेवर बसवलेला नसतो, पॅनलवर असतो. झडप उघडण्यासाठी पॅनलने वीज सोडली की तो हिरवा होतो. झडप खरोखर उघडली की नाही, हे बहुतेक पॅनलना कळतच नाही. दिवा हुकूम दाखवतो, काम दाखवत नाही.

मुंबईत मिलमध्ये काम करणारा माणूस गावी आईला मनीऑर्डर करी. पोस्टाच्या खिडकीवर पावती मिळे. ती पावती पैसे पाठवल्याची, मिळाल्याची नव्हे. आईच्या हाती पैसे पडले हे तिच्या अंगठ्याची पोच परत आली की कळे. पॅनलवरचा हिरवा दिवा ही पावती आहे. जाळीतून येणारी गरम हवा ही पोच आहे. नुसती पावती बघून निर्धास्त राहणारा फसतो.

उलट भट्टीतला लुकलुकणारा दिवा वेगळ्या जातीचा होता. भट्टीत उष्णतेवर पहारा देणारा स्विच असतो. तो खरोखर उघडल्यावरच तो दिवा लुकलुकतो. तो हुकूम सांगत नव्हता, घडलेली गोष्ट सांगत होता. म्हणून दोन दिव्यांत तंटा लागला तर विचारावे, यातला कोणता दिवा नुसता सांगितलेले दाखवतो आणि कोणता मोजलेले दाखवतो? मोजलेल्यावर जास्त विश्वास ठेवावा.

रात्र कशी काढली?

स्क्रू सैल आहे हे कळल्यावर काकांचा हात शिवशिवला नसेल का? नक्कीच शिवशिवला. पण घर लेकीचे, देश परका, यंत्र गॅसचे, हाताशी अवजार नाही आणि रात्रीची वेळ. त्यांनी मोह आवरला. सुरक्षित असे एवढेच केले.

वरचा थर्मोस्टॅट बंद केला. कारण वरचा मजला एकटाच मागणी करत राहिला तर खालची झडप मिटलेली, वरची अडकलेली, आणि भट्टी पुन्हा पुन्हा तापून बंद पडणार. मग खालचा थर्मोस्टॅट वीसवरून बावीसवर नेला. खालची झडप उघडली, हवेला वाट मिळाली. भट्टीचा लुकलुकाट थांबला आणि ती शांतपणे चालू लागली. बाळाचा पाळणा खाली आणला. आजीने दिवाणखान्यात अंथरुणे घातली. वरच्या खोल्यांची दारे उघडी ठेवली, म्हणजे जिन्यातून ऊब वर चढेल. सकाळी जावई पाळीवरून आले तर सगळे घर खाली एकत्र गाढ झोपलेले.

सुट्टीचा वाढीव दर वाचला. सोमवारी परवानाधारक कारागीर आला, तोही दुसऱ्या दुकानाचा. लेकीने वडिलांनी लिहून दिलेला कागद त्याच्या हाती ठेवला. कागदावर चार ओळी होत्या : भट्टीचा दिवा चार वेळा लुकलुकतो. पॅनलवर दोन नंबरचा झोन हिरवा. डक्ट झडपेच्या अलीकडे गरम, पलीकडे गार. मोटर फिरते, दांडा फिरत नाही.

कारागिराने कागद वाचला, भट्टीचा विद्युतपुरवठा बंद केला, झडप हाताने फिरवून पाहिली, खिशातून अ‍ॅलन चावी काढली आणि स्क्रू आवळला. पुन्हा वीज देऊन दोन्ही झोन आळीपाळीने चालवून पाहिले. काम दहा मिनिटांचे. भट्टी तपासली, ती धडधाकट होती. जाताना त्याने काकांना विचारले, "तुम्ही या धंद्यातले का?" काका म्हणाले, "धंदा निराळा. वीज तीच."

नवी भट्टी घेतली असती तर? हजारो डॉलर गेले असते, आणि झडप अडकलेलीच राहिली असती. नवी भट्टीही चार दिवसांत गुदमरू लागली असती. हे सर्वांत महत्त्वाचे.

दिवे वाचण्याचा क्रम

अशा घरात राहणाऱ्या किंवा अशा यंत्रांवर काम शिकणाऱ्या मुलामुलींनी हा क्रम वहीत उतरवून ठेवावा.

१. आधी बघा, मग हात लावा. कोणता दिवा चालू, कोणता बंद, कोणता किती वेळा लुकलुकतो, ते कागदावर लिहा किंवा मोबाइलवर चित्रित करा. घाईने यंत्र बंद करून चालू करू नका. पुष्कळ यंत्रांत वीज गेली की बिघाडाची खूण पुसली जाते. पुरावा आपणच पुसला तर कारागीर काय शोधणार?

२. पॅनलवर विजेचाच दिवा नसेल तर भट्टीला वीज आहे का पाहा. जिन्याजवळचा भट्टीचा स्विच चुकून कुणी बंद केलेला असतो. भट्टीच्या दाराला सुरक्षा स्विच असतो, दार नीट बसले नाही तरी सगळे बंद राहते. भट्टीच्या सर्किट बोर्डावर मोटारगाडीत असतो तसा ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज असतो. थर्मोस्टॅटची वायर कुठे एकमेकीला चिकटली तर तो उडतो. फ्यूज बदलून पुन्हा उडाला तर मोठा फ्यूज घालू नका. वायर शोधा.

३. विजेचा दिवा आहे पण मागणीचा दिवा नाही, तर दोष थर्मोस्टॅटकडे. त्याचे सेल संपले असतील, तो गारवर किंवा बंदवर ठेवलेला असेल, किंवा वायर सुटली असेल.

४. मागणीचा दिवा आहे, पण भट्टी ढिम्म. मग भट्टीच्या आतला दिवा पाहा. बर्फ पडून गेले असेल तर आधी बाहेर जा. नव्या भट्ट्यांचे दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप भिंतीबाहेर निघतात, एक हवा घेतो, दुसरा धूर सोडतो. बर्फाने त्यांचे तोंड बुजले की हवेच्या दाबाचा स्विच भट्टीला पेटू देत नाही. बर्फ हाताने हलकेच बाजूला करा.

५. एका मजल्याने ऊब मागितली आणि दुसऱ्याने त्याच वेळी गारवा मागितला, तर पॅनल दोघांना एकदम देऊ शकत नाही. ते एकाचे काम आधी करते, दुसऱ्याला थांबवते. तो बिघाड नव्हे. दोन्ही थर्मोस्टॅट एकाच ऋतूवर ठेवा. तसेच गारवा चालू केल्यावर काँप्रेसर काही मिनिटे थांबून सुरू होतो, तोही बिघाड नव्हे.

६. काही पॅनलना गरम हवेच्या तोंडाशी एक सेन्सर जोडतात. हवा फार तापली किंवा उन्हाळ्यात फार गार झाली की पॅनल स्वतःच यंत्र थांबवते आणि त्याचा दिवा लावते. काकांच्या लेकीच्या घरी तो सेन्सर नव्हता, म्हणून भट्टीच्या पहारेकऱ्यावर पाळी आली. असा दिवा लागला तरी प्रश्न तोच : हवा कुठे अडली?

७. सगळे दिवे बरोबर आणि खोली तरी थंड, तर दिवे सोडा आणि तळहात वापरा. जाळीपासून मागे मागे डक्टवर हात ठेवत या. जिथे गार संपून गरम लागते तिथे दोष.

इथे थांबा

आता सावधगिरीचे बोल. भट्टी सारखी तापून बंद पडत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करत बसू नका. अशाने तिचा ज्योतीभोवतीचा पत्रा कालांतराने तडकू शकतो. मग धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू घरात येण्याचा धोका असतो. या वायूला वास नाही, रंग नाही. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे. ओंटारिओ प्रांतात, जिथे टोरांटो आहे, इंधन जाळणारे यंत्र असलेल्या घरांत या वायूचा इशारा देणारे उपकरण २०१४ पासून कायद्याने आवश्यक आहे. ते वाजले तर दिवे मोजत बसू नका. मुलाबाळांसह बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा. गॅसचा वास आला तर कोणताही स्विच लावू-विझवू नका, आधी बाहेर पडा, फोन बाहेरून करा. आणि गॅसच्या जोडणीचे काम तिथे परवानाधारक माणसानेच करायचे असते. तो नियम आपल्या जिवासाठी आहे. हुशारी दाखवायची ती जागा नव्हे.

आपल्या घरात काय?

आपल्याकडे तळघर नाही, भट्टी नाही. पण दिवे आहेत. हप्त्यावर घेतलेला स्प्लिट एसी असो, इन्व्हर्टर असो, स्टॅबिलायझर असो, कपडे धुण्याचे यंत्र असो, प्रत्येकावर दिवा लुकलुकतो आणि आपण "गेलं वाटतं" म्हणून थेट मेकॅनिकला बोलावतो. तो आला की दिव्याचा अर्थ त्याला ठाऊक, आपल्याला नाही. तो म्हणेल ते बिल.

यापुढे असे करा. नव्या वस्तूचे माहितीपुस्तक रद्दीत घालू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवा. दिवा लुकलुकला की मोजा, लिहा, पुस्तकात पाहा. पुस्तक इंग्रजीत असेल तर घरातल्या शाळकरी मुलीला वाचायला सांगा. तिचे इंग्रजीही होईल आणि यंत्राची भीतीही जाईल. एसीची जाळी धुळीने बुजली की तोही काकांच्या लेकीच्या भट्टीसारखाच गुदमरतो. भट्टी हवा न मिळाल्याने तापते, एसीचे कॉइल हवा न मिळाल्याने बर्फाने गोठते. रोग उलटा, कारण एक. जाळी नळाखाली धुवायला पैसे पडत नाहीत. मात्र आधी मेन स्विच बंद करा, आणि झाकणाच्या आतल्या वायरिंगला हात लावू नका.

जी मुले आयटीआयला रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड शिकत आहेत त्यांना वेगळे सांगतो. सुटे भाग बदलणारे पुष्कळ असतात, कारण शोधणारे थोडे. दिवा दिसला की भाग बदलू नका. दिवा नेमका कशाला जोडलेला आहे, तो सांगितलेले दाखवतो की मोजलेले, हा प्रश्न आधी विचारा. हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला कल्याणातही काम आहे आणि कॅनडातही.

शेवटी काकांच्या पत्रातलीच गोष्ट सांगतो. परतीच्या आदल्या दिवशी लेकीने तळघराच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. वडिलांनी सांगितलेला दिव्यांचा तक्ता, मराठीत, तिच्या हाताने लिहिलेला. सगळ्यांत खाली एक ओळ होती : "हिरवा असला तरी हात लावून बघ."

तक्ता आता तिथेच आहे. लेक रात्रपाळीला असली की जावई तो वाचतात.

पुढील अंकी : इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी आणि किती घालावे. आपल्या घरातल्या वस्तूवर कोणता दिवा कसा लुकलुकतो ते कार्डावर लिहून कळवा. उपयोगाच्या पत्रांना याच सदरात उत्तर देऊ.